वायरिंग दोषी कसं असेल?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंनी विचारलंय. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या त्यांच्या नातीने ‘फॉल्टी वायरिंगमुळे आग लागली’ याचं मराठी ‘दोषी वायरिंगमुळे’ असं केलं. काकूंना ते खटकलं, पण का ते सांगता येईना.

नात अगदीच चुकली नाही हो! ‘फॉल्ट’ म्हणजे वैगुण्यही आणि अपराधही. पूर्वी इंग्रजीत अपराधी माणसालाही ‘फॉल्टी’ म्हणत. आपला ‘दोष’ तसाच दुहेरी. कोर्टातून सुटलेला आरोपी निर्दोष आणि डाग नसलेला हिराही निर्दोष. ‘दोषी’ मात्र माणसालाच चिकटलाय. वायरिंग सदोष, दोषी असलाच तर ते बसवणारा. (‘सदोष मनुष्यवधा’चं काय, असं कोणी म्हणेलच. तिथे कायद्याने ‘सदोष’ला अपराधाच्या बाजूला ओढलंय.)

पण घरात ‘सदोष’ कोण म्हणतं? मध्यंतरी नवा मिक्सर घेतला, दुसऱ्या स्पीडवर फिरेचना. दुकानात जाऊन म्हटलं, ‘बिघडलाय.’ दुकानदाराने लगेच विचारलं, ‘शुं कर्युं?’ (काय केलंत?) म्हणजे खापर माझ्यावर! ‘बिघडला’ म्हटलं की आधी धड होता हे आपणच कबूल करतो. मग म्हटलं, ‘पीसच खराब निघाला,’ तेव्हा त्याने खोका उघडला. मुळातच खोट होती, हे तो ‘निघाला’ सांगतो. ‘फॉल्टी’ला आधी धड असण्या-नसण्याशी देणंघेणं नाही, म्हणून मराठी करताना आपल्याला निवड करावी लागते.

‘डिफेक्टिव्ह’ जवळचाच, पण त्याच्या लॅटिन मुळात उणं पडणं आहे. ‘डेफिसिट’ त्याच घरातला. विकलेला माल बहुधा डिफेक्टिव्ह, युक्तिवाद फॉल्टी. काही रूपंच नसलेल्या क्रियापदालाही इंग्रजी व्याकरणात डिफेक्टिव्ह म्हणतात. आपलं ‘नये’ तसंच: ‘करू नये’ म्हणता येतं, कालचं सांगायला मात्र ‘करायला नको होतं’ असा वळसा घ्यावा लागतो.

दोष दिसला की आपण बडोदेकर सर्रास गुजरातीतलं ‘खामी आहे’ म्हणतो, पुण्याचे पाहुणे हसतात. हसू देत. फारसीत ‘खाम’ म्हणजे कच्चं, त्यातून खामी म्हणजे कच्चेपणा. वायरिंगला यापेक्षा नेमकं काय म्हणणार? शाळेच्या वहीत मात्र ‘सदोष वायरिंगमुळे आग लागली’ असंच लिहू दे.