जुने मराठी सिनेमे संथ वाटत असतील, तर आधी कान द्या

तुमचा प्रश्न असा: जुने मराठी सिनेमे आणि दूरदर्शनच्या जुन्या मालिका संथ आणि नाटकी वाटतात, तरी घरातली मोठी माणसं त्यांचं एवढं कौतुक का करतात, आणि बघायचंच ठरवलं तर सुरुवात कुठून करावी?

संथ आहेत, खरं आहे. पण मला वाटतं अडचण डोळ्यांची नाही, कानांची आहे. आजच्या मालिकेत सून नुसती दारात उभी राहिली तरी मागे ढोल वाजतो आणि तीच तीच मान तीन वेळा वळते. काय वाटायला हवं ते संगीतच आपल्याला सांगून टाकतं. त्या सवयीने १९३७ सालचा सिनेमा लावला की पाच मिनिटांत वाटतं, अरे, यात काही घडतच नाहीये.

म्हणून मी तुम्हाला 'कुंकू' सांगेन. प्रभात फिल्म कंपनीचा, दिग्दर्शक व्ही. शांतारामांचा, म्हणजे शांतारामबापूंचा. त्यात पार्श्वसंगीत अजिबात नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच: पावलं, दारं, भांडी, भिंतीवरचं जुनं घड्याळ. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती, पडदा बोलायला लागल्याच्या आनंदात सगळे वीस-वीस गाणी घालत होते, आणि त्या काळात कुणीतरी ठरवलं की आवाज कमी करू. हे धाडस मला अजूनही थक्क करतं.

गोष्ट साधी आहे. नीरा नावाच्या अनाथ मुलीला पैशाच्या लोभाने बिजवराच्या गळ्यात बांधतात. काकासाहेब वकील, वय झालेलं, घरात मोठाली सावत्र मुलं. ती मुलगी हे लग्न मानत नाही. पळून जात नाही, जीव देत नाही, त्याच घरात राहून नाही म्हणत राहते. 'जरठ-कुमारी विवाह', म्हणजे म्हाताऱ्याचं कोवळ्या मुलीशी लग्न, हा शब्द आज कुणी वापरत नाही, पण तेव्हाच्या प्रेक्षकाला तो समजावून सांगावा लागत नव्हता. याच विषयावरचं देवलांचं 'शारदा' नाटक १८९९ मध्येच रंगभूमीवर आलं होतं. पण माझ्या लेखी 'कुंकू' त्याच्याही एक पाऊल पुढे जातो, कारण तो म्हाताऱ्याकडेही बघतो. काकासाहेब झालेले केशवराव दाते आरशासमोर उभे राहून आपलं वय लपवायची धडपड करतात ना, तिथे तुम्हाला त्यांचा राग येईल आणि पुढच्याच क्षणी पोटात कालवेल. मागे एक सारंगी जरी वाजली असती तरी तो प्रसंग स्वस्त झाला असता.

मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट. रविवारी दुपारी चारला मराठी सिनेमा लागायचा, आणि आजी त्याआधी सगळी कामं उरकून मटार सोलायला घेऊन बसायची. त्या दिवशी निम्मे मटार तसेच राहिले. नीरा झालेल्या शांता आपटेंनी लाँगफेलोची इंग्रजी कविता गायला सुरुवात केली तेव्हा आजीने परात बाजूला सारली. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मला म्हणाली, "आमच्या वाड्यात होती गं अशी एक. पण ती बोलली नाही कधी." पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. तेवढ्यात प्रक्षेपण थांबलं, पडद्यावर 'व्यत्यय'ची पाटी आली आणि आम्ही दोघी त्या पाटीकडे बघत बसलो. व्यत्यय संपला तेव्हाही आजी तशीच बसून होती.

त्या सिनेमात काकासाहेबांच्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलंय. या बाई खऱ्या आयुष्यात संततिनियमनाच्या प्रचाराचं काम करत होत्या, र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने. त्यामुळे पडद्यावर ती मुलगी आपल्या वडिलांना सुनावते, तेव्हा ती पाठ केलेली वाक्यं वाटत नाहीत. सई परांजपे त्यांच्याच कन्या, आणि सईंनीही पुढे दूरदर्शनवर काम केलं. सिनेमा आणि टीव्ही हे आपल्याकडे दोन वेगळे डबे कधीच नव्हते.

नाटकीपणाबद्दल तुमचं म्हणणं मी अर्धं मान्य करते. बरीचशी मंडळी रंगभूमीवरून आली होती. शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं म्हणून कमावलेला आवाज कॅमेऱ्यासमोर मोठाच वाटणार. 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा पहिला मराठी बोलपट, त्याचं महत्त्व आहेच, दुर्गा खोट्यांसाठी तो पाहावाही, पण सुरुवात त्याने करू नका. तुमची समजूत आणखी पक्की होईल.

त्याऐवजी १९३६ चा 'संत तुकाराम' घ्या. तो दिग्दर्शित केला दामले-फत्तेलाल या जोडीने. दामले प्रभातचा ध्वनी विभाग सांभाळायचे, फत्तेलाल कलाविभाग. म्हणजे हा सिनेमा एका ऐकणाऱ्या आणि एका रेखाटणाऱ्या माणसाने केला, आणि बघताना ते कळतं. तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस अभंग म्हणतात तेव्हा समोर मैफल आहे असं वाटत नाही. कामं करता करता माणूस स्वतःशी गुणगुणतो, तसं वाटतं. 'आधी बीज एकले' हा त्यातला अभंग शांताराम आठवल्यांनी लिहिलाय. कित्येकांना तो आजही तुकोबांचाच वाटतो, इतका तो त्या भाषेत मुरलेला आहे.

पण मी तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघते तो जिजाईसाठी. गौरी या नटीने केलेली जिजाई. नवरा विठ्ठलात बुडालेला, घरात दाणा नाही, पोरगं तापाने फणफणलेलं, आणि ही बाई हातात वहाण घेऊन थेट देवळात शिरते, पांडुरंगालाच जाब विचारायला. संतपटात संताच्या बायकोला एवढी जागा, एवढा राग आणि एवढं प्रेम मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. गौरी कुठल्या नाटक कंपनीतली नामवंत नटी नव्हती. प्रभातमध्ये किरकोळ कामं करता करता ती पडद्यावर आली. तिच्या बोलण्यात एक शब्दही 'म्हटलेला' नाही. म्हशीशी बोलते तशीच देवाशी बोलते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला. तिथल्या लोकांना आपले अभंग किती कळले असतील देव जाणे, पण जिजाई नक्की कळली असणार.

पुण्यात नोकरीला आल्यावर लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये मी तो मोठ्या पडद्यावर पाहिला. तिथून जवळच, जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे प्रभातचा स्टुडिओ होता. २००३ च्या जानेवारीत तिथल्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट पेटली की विझवता येत नाही, ती स्वतःच प्राणवायू सोडते. कितीतरी जुनी रिळं गेली. यूट्यूबवर एखाद्या जुन्या सिनेमाची प्रत खरखरीत दिसली, आवाज फाटलेला आला, तर मला राग येत नाही. उरली आहे, याचंच बरं वाटतं.

आता दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तिथेही तीच गोष्ट: एक लहानसा स्टुडिओ, मोजकं सामान, आणि सगळा भार माणसांच्या बोलण्यावर. 'चिमणराव' आठवतात का कुणाकडून ऐकलेले? चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ, म्हणजे दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे. त्याचे मोजकेच भाग आज बघायला मिळतात, पण मिळाले तर प्रभावळकरांचं अडखळणं ऐका. विनोद वाक्यात कमी आहे आणि वाक्याआधीच्या त्या अर्ध्या सेकंदात जास्त. गुंड्याभाऊ नुसता "हं" म्हणतो आणि आख्खं घर हसतं. मागे हशाची टेप लावून हे जमलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

मधलं बरंच मी सोडतेय. तमाशापटांवर वेगळं लिहावं लागेल, ऐंशीच्या दशकातले विनोदी सिनेमे तर तुम्ही पाहिलेलेच असणार. एक मात्र सोडवत नाही, 'सामना'. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाला गेलेला. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा निळू फुले आणि कुठून तरी आलेला दारुडा मास्तर श्रीराम लागू. वाड्यात बसून दोन माणसं बोलतात, बरंचसं तेवढंच. पण निळूभाऊंचा आवाज सुरुवातीला कसा आहे आणि शेवटाकडे कसा होत जातो, तेवढं एक ऐका. गावातली सगळी सत्ता त्या आवाजातून हळूहळू गळत जाते.

तर क्रम माझा असा: आधी 'संत तुकाराम', कारण जिजाईला कुणी संथ म्हणू शकत नाही. मग 'कुंकू', रात्री, हेडफोन लावून, एकट्याने. मग १९४१ चा 'शेजारी'. त्यात तेच केशवराव दाते हिंदू पाटील झालेत आणि गजानन जागीरदार त्यांचे मुसलमान शेजारी मिर्झा. दोघं म्हातारे बुद्धिबळाचा पट मांडून बसतात. 'कुंकू'तल्या काकासाहेबांचा राग अजून मनात असेल, आणि तरी या जीवबा पाटलावर तुमचा जीव जडेल. गावाजवळ धरण बांधायला घेतात आणि त्यावरून दोघांत बिनसतं, इथपर्यंतच सांगते. शेवट तुम्ही स्वतः बघा, आणि त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.