भाड्याचं घर घेताय? किल्ली घेण्याआधी एवढं विचारा

कॉलेजं सुरू व्हायच्या तोंडावर दरवर्षी सांगलीत भाड्याच्या घरांबद्दलचे प्रश्न वाढतात. त्यातले चार इथे घेतो.

विश्रामबागला वन बीएचके पाहिलाय. भाडं ८,००० आणि डिपॉझिट ३०,०००. मालक म्हणतात, करार ११ महिन्यांचाच आहे, नोटरी केली की झालं. खरं का?

नाही. ही समजूत घरोघरी आहे, पण महाराष्ट्रात ती चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग मुदत ११ महिन्यांची असो की तीन वर्षांची. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झालाच, तर मालक उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. हे त्यांना शांतपणे सांगा, भांडू नका. बऱ्याच मालकांना हे ठाऊकच नसतं.

खर्चाचा बाऊ करू नका. मुद्रांक शुल्क पाव टक्का असतं, तेही एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. तुमच्या बाबतीत ११ महिन्यांचं भाडं ८८,००० अधिक व्याज २,७५० म्हणजे शुल्क सव्वादोनशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आधार आणि अंगठ्याच्या ठशावर नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी ऑफिसात ताटकळावं लागत नाही. पैसे कोणी भरायचे तेवढं आधी ठरवा. मी निम्मे-निम्मे सुचवतो.

गावभागात तळमजल्याचं घर स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

आधी शेजारच्या दुकानदाराला विचारा, '२०१९ ला पुराचं पाणी कुठवर आलं होतं?' आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० च्या पुढे. सांगलीकर हे आकडे विसरत नाहीत, पण बाहेरून आलेल्या माणसाला ते कोणी आपणहून सांगत नाही.

घर बघायला गेलात की दाराची चौकट खालून बघा. नवा रंग कमरेपर्यंतच आहे का? ओट्याखालच्या कपाटाचं प्लायवूड फुगलंय का? बटणांचा बोर्ड नेहमीपेक्षा वर सरकवलाय का? पाण्याच्या खुणा अशाच ठिकाणी सापडतात.

तरीही घ्यायचं असेल तर करारात दोन ओळी घाला: घरात पाणी शिरलं आणि घर राहण्याजोगं उरलं नाही, तर तेवढ्या काळाचं भाडं लागणार नाही, आणि भाडेकरू नोटीस पीरियड न पाळता, पूर्ण डिपॉझिट घेऊन घर सोडू शकेल. मालक तयार नसेल, तर स्वस्ताईची किंमत तुम्हालाच मोजायची आहे हे समजा. घरात म्हातारी माणसं असतील तर मी तळमजला घेऊच नका म्हणेन.

मागच्या घरमालकाने रंगाच्या नावाखाली १२,००० कापले. यावेळी काय करू?

सामान आणण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढा: भिंती, नळ, गिझर, पंखे, खिडक्यांच्या काचा. ते त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. रंगाचे पैसे कापायचे की नाही आणि कापायचे तर किती, हे करारात आकड्यात लिहून घ्या. 'डिपॉझिट नंतर परत मिळेल' एवढं पुरत नाही. 'किल्ली दिल्याच्या दिवशी' असं लिहा. डिपॉझिट आणि भाडं बँकेतूनच द्या. महावितरणचं शेवटचं बिलही बघून घ्या, थकबाकी असेल तर राहायला येण्याआधी मालकाला भरायला लावा.

मिरजेला नोकरी आहे. करार संपल्यावर दोन-तीन महिने राहिलं तर चालतं ना?

मालकाने लेखी मुदत वाढवून दिली तरच. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देणाऱ्या कराराची, मुदत संपली आणि घर सोडलं नाही, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. संपायच्या महिनाभर आधी मालकाशी बोला आणि नवा करार नोंदवून घ्या.