मुंबईतील लहान संस्थेला जिनिव्हातील मानवी हक्क आढाव्यात भाग घेता येतो का?

तुमचा प्रश्न असा आहे की, मालाडच्या मालवणी वस्तीत काम करणाऱ्या, परदेशी निधी न घेणाऱ्या आणि जिनिव्हाला माणूस पाठवण्याची ऐपत नसलेल्या संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या सार्वत्रिक नियतकालिक आढाव्यात, म्हणजे यूपीआरमध्ये, उतरावे का, आणि उतरायचे तर संस्थांच्या एखाद्या राष्ट्रीय आघाडीबरोबर की स्वतंत्रपणे. (या आढाव्यात एका देशातील मानवी हक्कांची स्थिती बाकीचे देश तपासतात आणि त्याला शिफारशी करतात.) पहिल्या भागाचे उत्तर 'होय' असे आहे. दुसऱ्या भागावरून आमच्याच संघटनेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी माझा जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

या आढाव्यासाठी संस्था लेखी निवेदन पाठवू शकतात, आणि ते पाठवायला संयुक्त राष्ट्रांची सल्लागार मान्यता लागत नाही. ती लागते मानवी हक्क परिषदेच्या सभागृहात बसून बोलण्यासाठी, आणि तुम्हाला तिथे जायचेच नाही. स्वतंत्र निवेदनाला २,८१५ शब्दांची मर्यादा आहे, संयुक्त निवेदनाला ५,६३०. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांचे कार्यालय देशभरातून आलेल्या या सगळ्या निवेदनांचा मिळून एकच आटोपशीर सारांश तयार करते, आणि त्यात तुमची संस्था बहुधा तळटिपेतील एका सांकेतिक खुणेपुरती उरते. हे आधीच ठाऊक असलेले बरे.

आम्ही गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात पाण्याच्या प्रश्नावर काम करतो. सरकारने ठरवलेल्या पात्रतेच्या तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना पालिका नळजोडणी देत नसे. बांधकाम अनधिकृत आहे एवढ्याच कारणावरून माणसाला पिण्याचे पाणी नाकारता येणार नाही, कारण पाणी हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले, तरीही आमच्या वस्त्यांतील बायका त्यानंतर कित्येक वर्षे कॅनच्या आणि हंड्याच्या हिशेबाने पाणी विकतच घेत राहिल्या. भारताच्या २०२२ च्या आढाव्याची तयारी चालू असताना, मार्चमध्ये, नगरसेवकांची मुदत संपली आणि पालिका प्रशासकाच्या हाती गेली, त्यामुळे दाद मागण्याचे सर्वांत जवळचे दारही बंद झाले. नेमक्या त्याच सुमारास दिल्लीहून एका आघाडीचे बोलावणे आले.

आम्ही गल्लीवार नोंदी पाठवल्या: कोणते घर कोणत्या दराने पाणी घेते, जोडणीचा अर्ज विभाग कार्यालयातून कोणत्या शेऱ्यासह परत येतो, रात्री कोणाला पाण्यासाठी जागावे लागते आणि त्या मुलीची शाळा कशी बुडते. अंतिम मसुद्यात यांतले काहीही नव्हते. शहरी गरिबांना पाण्याची उपलब्धता अपुरी आहे, अशा अर्थाचे एक वाक्य होते, जे देशातील कोणत्याही शहराबद्दल आणि कोणत्याही वर्षी लिहिता आले असते. आमच्या संघटनेचे नाव मात्र सह्या करणाऱ्यांच्या यादीत होते, तेही चुकीच्या स्पेलिंगसह. मी आक्षेप घेतला तेव्हा आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "एवढ्या मोठ्या कागदात आपले नाव आले, आणखी काय हवे? दिल्लीच्या मंडळींना तिथली भाषा कळते." त्यांच्याविषयी मला आदर आहे, गिरणी संपाच्या दिवसांपासून ते चळवळीत आहेत, पण अन्याय सांगण्याचे काम दुसऱ्याच्या भाषेवर सोपवण्याची सवय आपल्या संघटनांना कुठून लागली, हे मला आजवर कळलेले नाही.

आढाव्यात बोलतात ते इतर देशांचे प्रतिनिधी, म्हणून मग मी एक पानाचे टिपण तयार केले आणि मुंबईतील काही वाणिज्य दूतावासांना पाठवले. बहुतेकांनी पोचही दिली नाही. एका ठिकाणी मात्र अधिकारी बाईंनी भेटीची वेळ दिली, टिपण शांतपणे वाचले आणि विचारले, "आमच्या प्रतिनिधीने तिथे नेमके कोणते वाक्य उच्चारावे असे तुम्हाला वाटते?" इतका उपयुक्त प्रश्न दिल्लीच्या एकाही बैठकीत कोणी विचारला नव्हता. आढाव्याची बैठक साडेतीन तासांची असते. त्यातली सत्तर मिनिटे ज्या देशाचा आढावा आहे त्याच्या सरकारला मिळतात आणि उरलेली बाकीच्या देशांत वाटली जातात. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारताच्या वेळी सुमारे १३० देश बोलले, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट आले. त्या मिनिटात तुमची कहाणी बसत नाही. कोणी, काय आणि कोणासाठी करावे हे सांगणारे एक वाक्य बसते. आम्ही तिथेच बसून ते लिहिले: राहण्याच्या जागेच्या कायदेशीर दर्जाची अट न घालता प्रत्येक घराला पिण्याचे पाणी द्यावे. ते जसेच्या तसे कोणी उच्चारले नाही. तरीही ते वाक्य आमच्या हाती राहिले आणि पालिकेला दिलेल्या प्रत्येक अर्जात आम्ही ते वापरले, कारण ते लिहिताना आमचीच मागणी आम्हाला पहिल्यांदा नीट मांडता आली होती.

जिनिव्हातील कागद हे विभाग कार्यालयात आपटण्यासाठी असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या फेरीत भारताला ३३९ शिफारशी आल्या. सरकारने २२१ स्वीकारल्या आणि उरलेल्यांची केवळ 'नोंद घेतली', म्हणजे सभ्यपणे नाकारल्या. तुमच्या विषयाला लागू होणाऱ्या स्वीकारलेल्या शिफारशी निवडा, त्यांचे मराठी करून वस्तीत वाटा, आणि त्यांची अंमलबजावणी कोणत्या खात्याकडे सोपवली आहे हे माहिती अधिकारात विचारा. पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क आहे, या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या २०१० सालच्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिले होते, हेही अर्जात लिहा. कनिष्ठ अभियंत्याला त्याने घाम फुटत नाही, पण नकार तोंडी देऊन भागत नाही, तो लेखी द्यावा लागतो, आणि लेखी नकार घेऊन पुढे जाता येते. महिला, मुले, नागरी हक्क यांवरील आंतरराष्ट्रीय करारांच्या समित्यांचे आढावे वेगळे असतात. नागरी आणि राजकीय हक्कांच्या समितीने भारताचा आढावा जुलै २०२४ मध्ये घेतला. तिथे सदस्य हे तज्ज्ञ असतात, त्यामुळे तपशिलाला अधिक वाव मिळतो.

आता जे आधी सांगायला हवे होते ते. संयुक्त निवेदनांना उच्चायुक्तांचे कार्यालय स्वतःच प्रोत्साहन देते, आणि एकच गोष्ट अनेक संस्थांनी सांगितली की सारांशात ती टिकण्याची शक्यता वाढते. आमच्या सहकाऱ्यांचे एवढे म्हणणे खरे आहे. परंतु एका संस्थेला स्वतःचे एक निवेदन देऊन शिवाय संयुक्त निवेदनातही सामील होता येते, हे त्यांनी कधी लक्षात घेतले नाही, आणि आमचा निम्मा वाद यामुळेच फुकट झाला. निवेदने संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात, म्हणून वस्तीतील कोणाचेही नाव किंवा घर क्रमांक त्यात घालू नका. निवेदन पाठवण्यासाठी परदेशी निधीची नोंदणी लागत नाही, पण कोणी प्रवासाचा खर्च देऊ केला तर आधी सीएला विचारा.

आघाडीत जाणार असाल, तर नाव देण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी मागा: तुमच्या वस्तीचा किमान एक परिच्छेद तपशिलासह राहील, आणि अंतिम मसुदा जिनिव्हाला पाठवण्यापूर्वी तुमच्या कार्यकर्त्यांना मराठीत वाचायला मिळेल. 'वेळ कमी आहे' असे उत्तर आले, तर तुमचे २,८१५ शब्द स्वतःच लिहायला घ्या.