कृष्णवर्णीय अमेरिकन कवींच्या श्रद्धेवरच्या कविता मला सपाट का वाटतात?

बहुधा मनातल्या मनात वाचता म्हणून. जेम्स वेल्डन जॉन्सन यांचं 1927 चं 'गॉड्स ट्रॉम्बोन्स' घ्या: आधी एक प्रार्थना, मग कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या प्रवचनांच्या ढंगातल्या सात कविता. त्यातली आडवी रेघ म्हणजे प्रवचनकाराचा श्वास. तिथे थांबून ऐकू येईल असा दम घ्या. ती गिळलीत की उरतो नुसता निबंध. सुरुवात त्यातल्या 'द क्रिएशन' (सृष्टीची निर्मिती) या कवितेपासून करा. एकटेपणाला कंटाळून जग घडवणारा हा देव शेवटी लेकरावर वाकलेल्या दाईसारखा धुळीत गुडघे टेकून मातीच्या गोळ्याशी झटतो!

देवाशी भांडण हवं असेल तर काउंटे कलन यांचं 1925 च्या संग्रहातलं 'येट डू आय मार्व्हल' हे सुनीत. चौदापैकी पहिल्या 12 ओळी शांतपणे वाचा, खरा वार शेवटच्या दोनांत आहे. श्रद्धेऐवजी प्रेम हवं असेल तर लँग्स्टन ह्यूज यांच्या ब्लूज-कविता, म्हणजे ओळ पुन्हा म्हणणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन दुःखगीतांच्या ढंगातल्या. पुन्हा आलेली ओळ मात्र गाळू नका, आवाज बदलून म्हणा.