पहिला खून सोडवताना

एसक्यूएलच्या (डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेच्या) खून-शोध खेळातली तुझी पहिलीच केस आणि तीही व्हिक्टोरियन लंडनची, मजा आहे! पण लगेच जॉइन लावत, म्हणजे टेबलं (माहितीचे तक्ते) एकमेकांना जोडत बसू नकोस. आधी प्रत्येक टेबलच्या पाच-दहा ओळी नुसत्या वाच.

नवखे हमखास फसतात ते नावांत. ब्राउनच्या शेवटी कधी ई असतो, कधी नसतो. तिथे बरोबरच्या (=) चिन्हाऐवजी लाइक आणि टक्क्याचं चिन्ह (म्हणजे 'पुढे काहीही चालेल') वापर. साक्षीदाराची वेळ नोंदवलेलीच नसेल, तर ती जागा 'नल', म्हणजे रिकामी असते; तिथे '= नल' लिहून एकही ओळ मिळत नाही; 'इज नल'च हवं. माझा पहिला खुनी यातच दोन दिवस निसटला होता.

आणि हो, तेव्हा 12 पेन्सचा शिलिंग, 20 शिलिंगचा पौंड असायचा. सगळं पेन्समध्ये करून मगच बेरीज.

सबक्वेरी (क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, आतली क्वेरी) नंतर बघू. अडलं तर क्वेरी दाखव. खुनी कोण, ते मात्र विचारू नकोस.