युरिया दिला तरी पात पिवळीच? आधी मुळी पाहा

येवला तालुक्यातल्या एका शेतकरी दादांचा प्रश्न आहे: "उन्हाळ कांदा चाळीस दिवसांचा झालाय. लागवडीला एकरी एक गोणी युरिया दिला. आता कालव्याचं आवर्तन आलं, तेव्हा दुसरी गोणी फोकून वाफे तुडुंब भरून घेतले. आठ दिवसांत पात पिवळी पडली. तिसरी गोणी टाकू का?"

दादा, टाकू नका. आधी हिशेब बघा. कांद्याला हेक्टरी 100 किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे एकरी 40 किलो. 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र असतं, म्हणजे साधारण 20.7 किलो. दोन गोण्यांत तुमचं एकरी नत्र पुरं झालं. तेव्हा कमी पडलाय तो युरिया नाही.

आता खुरपं घेऊन वाफ्यात जा. एक रोप पिवळ्या पट्ट्यातलं आणि एक बांधाकडच्या हिरव्या पट्ट्यातलं, दोन्ही मातीच्या ढेकळासकट काढा. उपटू नका, उपटलं की मुळ्या जमिनीतच राहतात. बादलीत अलगद धुवून शेजारी शेजारी ठेवा. हिरव्या रोपाच्या बुडाला पांढऱ्याशुभ्र, दोऱ्यासारख्या मुळ्या दिसतील. पिवळ्याच्या मुळ्या तपकिरी, बोटांत धरल्या तर साल निसटणाऱ्या असतील, तर दुखणं तिथं आहे.

कांद्याची मुळी मुळातच गरीब. तिला फुटवे कमी, केसमुळं जवळजवळ नाहीतच, आणि बहुतेक मुळ्या वरच्या फूटभर मातीत. युरिया पाण्यात विरघळतो, त्याचा आधी अमोनियम होतो आणि मग नायट्रेट. अमोनियम आपल्या काळ्या मातीला चिकटून राहतो, पण नायट्रेटला माती धरत नाही. ते पाण्याबरोबर मुळीपर्यंत येतं, तसंच पाण्याबरोबर मुळीच्या खालीही निघून जातं. युरिया फोकल्याबरोबर वाफे तुडुंब भरले, तर मातीत बदल व्हायच्या आधी युरियाच खाली वाहतो. त्यातून माती चार-पाच दिवस चिंब राहिली की मुळीचा श्वास कोंडतो. नायट्रेट आत ओढायला मुळीला ताकद लागते, ती श्वासातून येते. शेजारी नत्र असूनही गुदमरलेली मुळी उपाशी राहते आणि उरलेल्या नायट्रेटचा काही भाग वायू होऊन उडून जातो.

म्हणून आता पाणी तोडा. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण भुसभुशीत झाली, की हलकी खुरपणी करून माती मोकळी करा. नवी पांढरी मुळी दिसेपर्यंत थांबा आणि त्यानंतरही गरज वाटली तरच थोडं नत्र द्या. इथून पुढं पाणी हलकं द्या. पिवळेपणा खालच्या जुन्या पातीपासून सुरू झाला असेल, तर नत्राची उणीव समजा. फक्त शेंडे वाळत असतील, पातीवर चट्टे किंवा चंदेरी ओरखडे असतील, तर तो करपा किंवा फुलकिडे. त्याला युरिया औषध नव्हे.

साठ दिवसांनंतर मात्र नत्र अजिबात नको. कांदा पोसायला लागला की नव्या मुळ्या फुटणं मंदावतं आणि जुन्या मरू लागतात. त्या वेळी दिलेलं नत्र माना जाड करतं आणि असा कांदा चाळीत सडतो. भावाची वाट पाहत चाळ भरून ठेवणाऱ्या माणसाला हे परवडत नाही, म्हणून एवढं आग्रहानं लिहितोय.

दिंडोरीच्या ताईंनी विचारलंय, द्राक्षाची फळछाटणी झाल्याबरोबर ठिबकमधून युरिया सोडावा का. ताई, घाई करू नका. पहिली फूट वेल आपल्या खोडात आणि जुन्या मुळांत साठवलेल्या अन्नावर काढतो. पाच-सहा पानं झाल्यावर ड्रीपरखाली हातानं माती उकरा. पांढरी मुळी दिसली की थोडं थोडं, विभागून द्या. जास्त नत्रानं फूट माजते, घड जिरायची भीती वाढते, शिवाय लुसलुशीत पानांवर डाऊनी (केवडा रोग) चटकन येतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मुळीचं काम मंदावतं, तेव्हा नत्राचा डोस वाढवून उपयोग नाही.

हरभऱ्याला वरून युरिया देऊ का, असंही तिघा-चौघांनी विचारलंय. मुळावरची गाठ नखानं कापून पाहा. आतून गुलाबी असेल तर पीक हवेतलं नत्र स्वतः मिळवतंय, युरिया देऊ नका.

येवल्याच्या दादांना आणखी एक सांगतो. कांद्याखाली उतरलेलं सगळंच नत्र वाया गेलं असं नाही. कांदा निघाल्यावर खरिपात त्याच रानात मका घ्या. मक्याची मुळी मीटरभर, कधी त्याहूनही खोल जाते आणि मुळाच्या टप्प्यात राहिलेलं नायट्रेट वर आणते. पेरणीआधी माती परीक्षण करून घ्या, नमुना वीतभर नको, दोन फूट खोलीपर्यंतचा घ्या आणि अहवालात नत्र बरं दिसलं तर मक्याच्या युरियात तेवढी कपात करा.