‘ज्वालामुखीचा स्फोट’ की ‘ज्वालामुखीचा उद्रेक’?

आइसलंडविषयीच्या मराठी बातम्यांत ज्वालामुखीचा कधी ‘स्फोट’ तर कधी ‘उद्रेक’ होतो. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरावेत का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते वापरू नयेत. उद्रेक हा व्यापक शब्द असून स्फोट हा त्याचा केवळ एक प्रकार आहे.

‘स्फोट’ हा ‘स्फुट्’ या धातूपासून आला. आपले ‘फुटणे’, ‘फोडणे’ आणि अंगावर उठणारा ‘फोड’ त्याच कुळातले. ‘उद्रेक’ मात्र ‘उद्’ हा उपसर्ग आणि ‘रिच्’, म्हणजे रिकामे होणे वा करणे, या धातूपासून बनला असून ‘अतिरेक’ आणि ‘रेचक’ हे त्याचे भाऊबंद आहेत. आत साठलेले मावेनासे होऊन वर लोटणे हा त्यातला भाव आहे आणि त्याला धडाक्याची गरज नाही. म्हणूनच आपण रोगाचा किंवा संतापाचाही उद्रेक म्हणतो.

आइसलंडच्या भाषेत ज्वालामुखीच्या उद्रेकाला ‘एल्डगोस’, म्हणजे अग्नीचे उसळणे, म्हणतात. त्याचे ‘स्प्रेंगिगोस’ आणि ‘ह्रॉयनगोस’ असे दोन भेद तेथे रूढ आहेत: पहिल्यात स्फोट होऊन राख उडते, तर दुसऱ्यात लाव्हा वाहतो. २०१० साली आयाफ्यात्लायोकुत्ल या एकाच ज्वालामुखीने दोन्ही दाखवले. मार्चमध्ये त्याच्या कुशीला भेग पडून लाव्हा वाहू लागला. १४ एप्रिलला हिमनदीखालच्या शिखरविवरातून उद्रेक सुरू झाला, तेव्हा शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी यांची गाठ पडून स्फोट होत राहिले आणि त्या राखेमुळे युरोपातील बरीचशी विमानवाहतूक सुमारे सहा दिवस बंद राहिली. मार्चमधल्या घटनेला स्फोट म्हणणे चुकीचे आहे. एप्रिलमधल्या घटनेला दोन्ही शब्द लागू पडतात. २०२३ च्या डिसेंबरपासून ग्रिंडाविक गावाजवळ जे वारंवार घडत आले, तेही मुख्यतः भेगांतून लाव्हा वाहण्याचेच प्रकार आहेत, म्हणून तेथे ‘उद्रेक’च लिहावे.

स्फोटक नसलेल्या उद्रेकाला मराठीत ‘शांत उद्रेक’ असेही म्हटले जाते. हा शब्द मला खटकतो. ८ जून १७८३ रोजी आइसलंडमधील लाकी येथे उद्रेक सुरू झाला आणि सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेवरील शंभराहून अधिक मुखांतून पुढचे आठ महिने लाव्हा येत राहिला. अधूनमधून स्फोटही झाले, पण मुख्य घटना लाव्ह्याच्या वाहण्याचीच होती. सोबत आलेल्या गंधकाच्या वायूंनी हवा गढूळ केली, फ्लोरीनने गवत विषारी झाले, निम्म्याहून अधिक गुरेमेंढरे मेली आणि त्यानंतरच्या दुष्काळात देशातील सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. आइसलंडचे लोक त्या काळाला ‘धुक्याचे हाल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. ज्याने एवढी माणसे नेली त्याला शांत कसे म्हणावे? ‘प्रवाही उद्रेक’ हा शब्द त्याऐवजी वापरावा, असे मी आग्रहाने सुचवतो. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या अशाच, पण कितीतरी प्रचंड प्रवाही उद्रेकांतून थरावर थर साचून तयार झाला, त्यामुळे हा शब्द आपल्या भूगोलालाही उपयोगी पडेल.

क्रियापदाविषयीही तेच. ‘ज्वालामुखी फुटला’ हे स्फोट झाला असेल तरच लिहावे. एरवी ‘उद्रेक झाला’ किंवा ‘लाव्हा वाहू लागला’ असे लिहावे.